दिवा आणि तेल



माझ्या आजीचें बालपण ज्या घरांत गेलें त्या घरांत विजेचा दिवा नव्हता. तिन्हीसांजेस कंदील लावण्यापूर्वीं तिची आई आधीं त्यांत तेल किती आहे तें पाही आणि मग वात किती वर काढावयाची तें ठरवी. वात फार वर काढली तर क्षणभर उजेड मोठा पडे खरा; पण लवकरच कांच काजळून जाई, तेल सरे, आणि रात्रीं उशिरापर्यंत ज्यास वाचावयाचें असे त्याच्या वांट्यास अंधार येई. ही गोष्ट आजीनें मला अनेकदां सांगितली होती. ती पुन्हां आठवण्याचा प्रसंग यंदाच्या प्रदर्शनांत आला, आणि तोहि संगणकाच्या खोलींत, हें ऐकून आपणांस नवल वाटेल.

आमच्या नववीच्या कांहीं विद्यार्थ्यांनीं 'माइनक्राफ्ट' या खेळांत आपल्या शाळेची प्रतिकृति उभारली होती. हा खेळ स्वीडनमधील स्टॉकहोम शहरीं 'मोजांग' या संस्थेनें रचिला. त्याची पूर्ण आवृत्ति १८ नोव्हेंबर २०११ रोजीं प्रसिद्ध झाली. त्यांतील सारें जग ठोकळ्यांचें असतें, आणि खेळणाऱ्यानें ते ठोकळे फोडावे, रचावे व आपल्या कल्पनेप्रमाणें वास्तु उभारावी, असा त्याचा प्रकार आहे. मुलांनीं दिवाळीच्या सुटीपासून खपून घंटाघर, लांब व्हरांडा, अंगणांतील कडुनिंब आणि विहीर हीं सर्व हुबेहूब साधलीं होतीं. प्रदर्शनाच्या आदल्या सायंकाळीं त्यांपैकीं एकानें 'शेडर पॅक' म्हणून जी एक वस्तु मिळते ती आणून खेळास जोडली. तत्क्षणीं घंटाघराच्या खिडकींतून उन्हाचे झोत आंत उतरले, कडुनिंबाची सावली व्हरांड्यावर हलूं लागली, आणि विहिरीच्या पाण्यांत आकाश दिसूं लागलें. मुलांनीं टाळ्या वाजविल्या. मीहि वाजविल्या. एका जागीं उभें राहून आम्हीं तें दृश्य पाहिलें आणि समाधानानें घरीं गेलों.

दुसऱ्या दिवशीं पालक आले. खेळ चालविणारा विद्यार्थी पाहुण्यांस फाटकापासून विहिरीकडे नेऊं लागला, तों चित्र अडखळूं लागलें. पाऊल टाकावें तें दोन क्षणांनीं पडे. मान वळवावी ती भलतीकडेच वळे. एका मुलाच्या आजीबाईंनीं मोठ्या मायेनें विचारलें, "बाळा, बिघडलें कां रे?" आणि त्या शेजारच्या खोलींतील लोहचुंबकाचे प्रयोग पाहावयास निघून गेल्या. त्या वेळीं मुलांचे चेहरे मला पाहवेनात. चूक त्यांची नव्हती. त्या विभागाचा प्रमुख या नात्यानें ती माझी होती. तेल न पाहतां मीं वात वर काढूं दिली होती.

गोष्ट एवढ्यावर संपली असती तर हा लेख लिहिण्याचें कारण नव्हतें. चार दिवसांनीं त्याच गटांतील एका मुलाचे वडील मला भेटावयास आले. ते शिंपीकाम करितात. घरांत एक जुना लॅपटॉप आहे. तो निकामी आहे, नवा घेतल्यावांचून गत्यंतर नाहीं, असा मुलानें हट्ट धरला होता. वडील म्हणाले, "सर, तेवढ्या पैशांत धाकटीची वर्षाची फी आणि पुस्तकें होतात. पण याच्या शिक्षणाला लागतच असेल तर मी हप्त्यानें घेईन. आपण खरें काय तें सांगा." मीं त्यांच्याकडे दोन आठवड्यांची मुदत मागितली. त्या मुदतींत तीं मुलें व मी जें शिकलों, तें इतरांच्याहि उपयोगीं पडावें म्हणून येथें मांडतों.

प्रथम ही वस्तु काय आहे तें पाहूं. मूळ खेळांत फेरफार करण्यासाठीं खेळणारे लोक स्वतः जीं जोडकामें करितात त्यांस 'मॉड' म्हणतात. आणि उजेड, सावली, पाणी व आकाश यांचें चित्र कसें काढावें याविषयींच्या सूचनांचा जो संच, तो शेडर पॅक. माइनक्राफ्टच्या 'जावा' आवृत्तींत तो चालविण्यास 'ऑप्टिफाइन' किंवा 'आयरिस' यांपैकीं एक मॉड लागतो. मूळ खेळांतील प्रकाशाचा हिशेब अगदीं साधा आहे. उजेडाच्या ० पासून १५ पर्यंत पायऱ्या असतात. कंदिलाचा उजेड १५, मशालीचा १४, आणि एकेक ठोकळा दूर जावें तसतसा तो एकेक पायरी उतरतो. या हिशेबास खर्च थोडा. परंतु सूर्याबरोबर सरकणारी घराची लांब सावली त्यांत नाहीं. शेडर ती सावली पाडतो आणि तिचें मोल घेतो. सावली कोठें पडेल हें ठरविण्यासाठीं संगणक तें दृश्य सूर्याच्या जागेवरून आणखी एकदां काढून पाहतो. सूर्यास जें दिसत नाहीं तें सावलींत, असा त्याचा न्याय. म्हणजे एका चित्राच्या ठिकाणीं दोन चित्रें झालीं. उन्हाचे झोत, पाण्यांतील प्रतिबिंब, ढग, यांचा खर्च निराळाच.

हा खर्च कोणत्या नाण्यांत द्यावयाचा? वेळेच्या. सेकंदास ६० चित्रें हवीं असतील तर एका चित्रास १६.७ मिलिसेकंद मिळतात; ३० पुरत असतील तर ३३.३. हेंच आपल्या दिव्यांतील तेल. येथें एक फसगत होते ती विद्यार्थ्यांनीं नीट ध्यानांत घ्यावी. समजा, ५९ चित्रें प्रत्येकीं १५ मिलिसेकंदांत निघालीं आणि एकास मात्र ११५ मिलिसेकंद लागले. बेरीज बरोबर १००० होते, म्हणजे सेकंदास ६० चित्रें ही सरासरी खोटी नाहीं. तरीहि त्या एका चित्रापाशीं डोळ्यांस ठेंच लागतेच. दहा पावलें सरळ टाकून अकराव्यास पडणाऱ्या मनुष्यास आपण चांगला चालणारा म्हणत नाहीं.

म्हणून माझें पहिलें मत असें कीं, प्रकाशाची पारख सर्वांत सोप्या जागीं उभें राहून करूं नये. सर्वांत अवघड जागीं चालून करावी. पॅकाच्या जाहिरातींत दिसणारें चित्र स्थिर असतें आणि तें बहुधा बलाढ्य यंत्रावर काढलेलें असतें. आपल्या खेळांत जेथें झाडी दाट आहे, पाणी आहे, ऊन तिरपें आहे, तेथें पांच मिनिटें फिरावें. एफ-३ ही कळ दाबून चित्रांची संख्या कोठें घसरते तें पाहावें. तेथें जो पॅक टिकला तो आपला. आम्हीं फाटकापाशीं उभें राहून टाळ्या वाजविल्या आणि विहिरीपाशीं फजित झालों, याचें कारण हेंच.

दुसरें मत असें कीं, निवड करतांना खालून वर चढावें, वरून खालीं उतरूं नये. 'सिल्डर्स व्हायब्रंट' हा पॅक लाइट, मीडियम, हाय, एक्स्ट्रीम अशा निरनिराळ्या रूपांत मिळतो. 'कॉम्प्लिमेंटरी' या पॅकांत तर सर्वांत खालच्या पायरीस गमतीनें 'पोटेटो', म्हणजे बटाटा, असें नांव दिलें आहे. बटाट्याएवढ्या शक्तीच्या संगणकासहि ती झेपावी असा त्यांतला विनोद. 'मेकअप अल्ट्रा फास्ट' हा वेगावर दृष्टि ठेवूनच रचिलेला आहे. उलट 'सूस पीटीजीआय' हा प्रकाशकिरणांचा मार्ग शोधीत जाणारा, म्हणून फार भारी. जो वरच्या पायरीपासून आरंभ करितो त्यास उतरतांना प्रत्येक पायरी नुकसान वाटते आणि तो यंत्रास दोष देऊं लागतो. जो खालून चढतो त्यास प्रत्येक पायरी लाभ वाटते; आणि जेथें पहिली ठेंच लागली तेथून एक पायरी मागें येण्यांत त्यास कमीपणा वाटत नाहीं.

तिसरें मत असें कीं, सर्वच सौंदर्य एकदम मागूं नये. आपणांस सर्वांत प्रिय काय, सावली, पाणी, कीं उन्हाचे झोत, तें एक ठरवावें, त्यासाठीं खर्च करावा आणि इतर ठिकाणीं काटकसर करावी. ही काटकसर कोठें करावी हें गणित सांगतें. सावलीच्या चित्राची बाजू २०४८ बिंदूंची असेल तर एकूण बिंदु ४१,९४,३०४ होतात. ती १०२४ केली तर १०,४८,५७६, म्हणजे बरोबर चौथा हिस्सा. दृष्टीची मर्यादा १६ 'चंक' ठेवली तर आपल्याभोंवतीं ३३ गुणिले ३३, म्हणजे १,०८९ तुकडे येतात. ती ८ केली तर १७ गुणिले १७, म्हणजे २८९. शाळेच्या अंगणांत फिरणाऱ्यास क्षितिजावरचा डोंगर लागतोच असें नाहीं. मात्र एका वेळीं एकच फेरफार करावा. दोन एकदम केले तर गुण कोणाचा व दोष कोणाचा हें कळत नाहीं. आयरिसमध्यें 'के' ही कळ दाबतांच शेडर बंद होतो व पुन्हां दाबतांच चालू होतो. त्यामुळें तुलना करणें सोपें जातें.

चवथी गोष्ट खेळाचीच आहे. शेडर डोळ्यांस दिसणारा उजेड बदलतो. खेळाचा स्वतःचा हिशेब बदलत नाहीं. नोव्हेंबर २०२१ मधील १.१८ या आवृत्तीपासून राक्षस उत्पन्न होतात ते जेथें दिव्यांचा उजेड ० असतो तेथें. त्यापूर्वीं ७ किंवा त्याहून कमी उजेडांत ते उत्पन्न होत. शेडरच्या चांदण्यांत एखादें मैदान रम्य व उजळ दिसलें, तरी खेळाच्या वहींत तेथें शून्यच मांडलेलें असूं शकतें. उलट कांहीं पॅकांत गुहा इतकी काळोखी होते कीं पायाखालची दरी दिसत नाहीं आणि खेळणारा मशाल हातीं असतां खालीं कोसळतो. ज्या प्रकाशानें वाट दिसत नाहीं तो कितीहि सुंदर असला तरी प्रकाशाचें काम करीत नाहीं. अशा पॅकांत गुहेंतील किमान उजेड वाढविण्याची सोय बहुधा असते. ती शोधून काढावी.

हे पॅक कोठून आणावे याविषयींहि सावध असावें. 'मॉडरिंथ' व 'कर्सफोर्ज' हीं त्यांचीं प्रसिद्ध भांडारें आहेत आणि वर सांगितलेल्या पॅकांपैकीं बहुतेकांस तेथें पैसा पडत नाहीं. तथापि जून २०२३ मध्यें 'फ्रॅक्चरायझर' नांवाची घातक प्रणालि कर्सफोर्जवरील कांहीं मॉडांतूनच पसरली होती. प्रसिद्ध दुकानांतहि माल पारखून घ्यावा लागतो. मग कोणा अनोळखी मनुष्यानें पाठविलेल्या दुव्यावर तर मुळींच विसंबूं नये. मोबाइलवर खेळणाऱ्यांनीं हेंहि ध्यानांत ठेवावें कीं, हे पॅक जावा आवृत्तीचे आहेत. मोबाइलवरील 'बेडरॉक' आवृत्तींत ते चालत नाहींत. तिच्यासाठीं मोजांगनें जून २०२५ मध्यें 'व्हायब्रंट व्हिज्युअल्स' ही स्वतःची प्रकाशयोजना दिली आहे, पण तीहि सर्वच यंत्रांस पेलत नाहीं.

यावर कोणी म्हणेल कीं, ही सगळी गरिबाची समजूत आहे. यंत्र थोर असतें तर निवडीचा प्रश्नच उरला नसता. त्यास माझें उत्तर मोजांगच्याच इतिहासांत आहे. या संस्थेनें २०१७ सालीं 'सुपर ड्युपर ग्राफिक्स पॅक' नांवाच्या भव्य प्रकाशयोजनेची घोषणा केली. दोन वर्षें लोक वाट पाहत राहिले. ऑगस्ट २०१९ मध्यें, ठरविल्याप्रमाणें ती उतरविणें तांत्रिक दृष्ट्या फार जड जातें असें सांगून, संस्थेनें ती रद्द केली. ज्यांनीं खेळ रचिला, ज्यांस ना द्रव्याची वाण ना ज्ञानाची, त्यांनाहि तेल पाहूनच वात ठरवावी लागली. मग आपणांस त्यांत लाज कसली?

दुसऱ्या बाजूनें कांहीं पालक म्हणतील कीं, खेळच मुळीं व्यर्थ, मग त्यांतील उजेडाची एवढी चर्चा कशास? अभ्यास आधीं, यांत मतभेद नाहीं. परंतु त्या दोन आठवड्यांत मीं एक गोष्ट पाहिली. आपल्या सावल्या खऱ्या आहेत कीं नाहींत हें ताडण्यासाठीं तीं मुलें मधल्या सुटींत अंगणांत जाऊन उभीं राहूं लागलीं. डिसेंबरांत भर दुपारींहि घंटाघराची सावली उत्तरेकडे पडते, हें त्यांनीं प्रथमच पाहिलें. कारण मूळ खेळांतील सूर्य दुपारीं बरोबर डोक्यावर येतो. कांहीं पॅकांत सूर्याचा मार्ग कलता ठेवलेला असतो तो कशासाठीं, हें मग त्यांस न सांगतां समजलें. भूगोलाच्या तासाला मीं हीच गोष्ट फळ्यावर काढून दाखविली होती. ती त्यांच्या डोळ्यांपर्यंत पोंचली नव्हती. सौंदर्याची ओढ मुलांस अशा ठिकाणीं नेते, म्हणून ती तुच्छ मानूं नये. तिला हिशेबाची जोड द्यावी.

आतां त्या शिंपीकाम करणाऱ्या गृहस्थांच्या लॅपटॉपची हकीगत सांगतों. एके सायंकाळीं मी त्यांच्या दुकानीं गेलों. तेथें भिंतीवर विजेचें एकच सॉकेट, आणि तें शिवणयंत्राच्या मोटारीनें अडविलेलें. म्हणून मुलगा लॅपटॉप बॅटरीवर चालवी. बॅटरीवर असतां असे लॅपटॉप बहुधा आपला वेग आंखडतात. शिवाय त्यानें तो कापडाच्या चिंध्यांच्या गादीवर ठेविला होता. खालच्या झरोक्यांतून हवा जाईना, यंत्र तापे, आणि तापलें कीं आणखी मंद होई. आम्हीं शिवणयंत्र बंद होण्याची वाट पाहिली, लॅपटॉप एका लांकडी फळीवर ठेविला आणि चार्जर लावला. मग सर्वांत खालच्या पायरीपासून आरंभ करून सावली राखली, प्रतिबिंब सोडलें, दृष्टीची मर्यादा ८ वर आणली आणि चित्रांची कमाल संख्या ३० वर बांधून टाकली. विहिरीपर्यंतची वाट एकदांहि न अडखळतां पार पडली. मुलगा थोडा हिरमुसला, हें मी लपवीत नाहीं. उन्हाचे झोत त्यास फार आवडले होते. मीं त्यास सांगितलें कीं, झोत हवेच असतील तर एका जागीं उभा राहून भारी पॅक लाव, छायाचित्र काढ आणि पुन्हां हलका लाव. छायाचित्रास वेग लागत नाहीं. हें त्यास पटलें.

वडिलांस मीं एवढेंच सांगितलें कीं, "या खेळासाठीं नवें यंत्र घेण्याचें कारण नाहीं. पुढें शिक्षणासाठीं लागलें तर त्या वेळीं त्या गरजेकडे पाहून ठरवा. पण सावलीसाठीं कर्ज काढूं नका." ऋण काढून सण करूं नये असें आपण नेहमीं म्हणतों, परंतु तो सण मुलाच्या शिक्षणाच्या नांवानें आला म्हणजे बापाचें मन कसें कातर होतें, तें मीं त्या दिवशीं पाहिलें. विद्यार्थ्यांनो, घरीं कांहीं मागतांना 'शिक्षणासाठीं' हा शब्द तुम्ही फार जपून वापरा. तो शब्द ऐकला कीं तुमचे आईबाप नाहीं म्हणत नाहींत.

वार्षिक परीक्षेनंतरच्या एका शनिवारीं आम्हीं संगणकाची खोली पुन्हां उघडली. सातआठच पालक आले. त्या आजीबाईहि आल्या होत्या. या वेळीं फाटकापासून विहिरीपर्यंत सर्व मंडळी एका चालीनें गेली. विहिरीच्या पाण्यांत आकाश दिसत नव्हतें, आणि त्याची चौकशीहि कोणी केली नाहीं. आजीबाई मात्र पडद्याजवळ वांकून म्हणाल्या, "अगं बाई, कडुनिंबाची सावली थेट व्हरांड्यावर पडलीय कीं!"

तेव्हां दिवा अवश्य लावा, शक्य तितका सुंदर लावा. पण आधीं तेल पाहा, आणि तें तेल कोणाच्या कष्टाचें आहे हेंहि पाहा.